खुर्दाद राजाची विहीर

माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न एकच विचारीत असे : "साल कोणतं?" गिऱ्हाईक सांगे, "हेच की, चालू साल." मग मी दुसरा प्रश्न विचारी : "कोणाचं चालू साल?" येथे निम्मी माणसे हसत, उरलेली चिडत, आणि एखादा उठून समोरच्या टपरीवर चहा घेऊन, मन शांत करून परत येई. मी प्रश्न बदलला नाही.

मी पाथरवट आहे. हिंगोलीत माझे दुकान होते. वडील जाती आणि पाटे-वरवंटे घडवीत. मी अक्षरांकडे वळलो. कोनशिला, देवळांच्या पायऱ्या, समाध्या, कबरी, पाणपोया आणि विहिरी यांवर मजकूर कोरणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय. आता मनगट ऐकत नाही, म्हणून काम थांबविले आहे. या अंकाच्या संपादकांनी व्यवसायातील अनुभव लिहिण्यास सांगितले. जन्मापासून आरंभ करून निवृत्तीपर्यंत यावे, असे मला वाटत नाही. तेवढे वाचण्याची सक्ती मी कोणावर करणार नाही.

कामाची रीत थोडक्यात सांगतो. आधी दगड निवडायचा. आमच्याकडचा काळा पाषाण कठीण आहे, परंतु प्रामाणिक आहे. आत भेग असेल तर हातोडीच्या आवाजावरून कळते. दगड घासून सपाट करायचा, गेरूने अक्षरे आखायची, गिऱ्हाइकाकडून ती मोठ्याने वाचून घ्यायची, आणि मगच छिन्नी लावायची. कागदावरची चूक खोडता येते. दगडावरची चूक खोडण्यासाठी सगळा पृष्ठभाग बोटभर खाली उतरवावा लागतो. नावात चूक झाली तर माणूस स्वतः येऊन भांडतो. सालात चूक झाली तर कोणीच भांडत नाही. ती चूक शंभर वर्षे सुखाने नांदते आणि पुढच्या लोकांना फसवीत राहते. म्हणून माझी सालावर करडी नजर.

आकड्याला आडनाव असावे, असे माझे मत आहे. नुसता आकडा म्हणजे जत्रेत चुकलेले लेकरू. कोणीही बोट धरावे आणि आपले म्हणून घेऊन जावे. शके, संवत्, हिजरी, फसली, इसवी ही आकड्यांची आडनावे. आमच्या भागात ही पाचही घराणी नांदली. त्यांची नावे कशी पडली, हे सांगण्यासारखे आहे. शके शालिवाहनाच्या नावाने चालतो, संवत् विक्रमाच्या नावाने. दोन्ही राजे. हिजरी सन एका स्थलांतराच्या आठवणीत मोजला जातो : प्रेषितांनी मक्का सोडून मदिना गाठली, तेथून. इसवी सन एका जन्मापासून. राहिला फसली. फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष चंद्रावर चालते, त्यामुळे दरसाल थोडे अलीकडे सरकते आणि हळूहळू सगळ्या ऋतूंतून फिरून येते. शेतसारा मात्र पीक हाती आल्यावरच मागता येतो. चंद्र पाहून सारा मागायला गेले, तर एखाद्या वर्षी शेतात नुसती ढेकळे. म्हणून बादशाही काळात हिजरीचा त्या वेळचा आकडा उचलून त्याला सूर्याच्या चालीने चालायला लावले. तोच फसली. निजामाच्या राज्यात तो शेवटपर्यंत चावडीवर चालला, आणि राज्य गेले तसा तोही गेला. आमच्याकडच्या फसली आकड्यात पाचशे नव्वद मिळविले की इसवी येते. जानेवारी लागला की पाचशे एक्याण्णव. वडील हे तोंडी शिकवीत. चुकलो की पाठीत धपाटा मिळे.

शकाचीही अशीच मेख आहे. इसवीतून अठ्ठ्याहत्तर वजा केले की शके, असे शाळेत शिकवितात. ते पाडव्यानंतर खरे. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत एकोणऐंशी वजा करावे लागतात, कारण इसवी वर्ष बदललेले असते आणि शक अजून जुनाच असतो. जानेवारीत वास्तुशांत करणाऱ्या कित्येकांशी माझा या एका आकड्यावरून वाद झाला.

आणखी एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो, कारण ती पुढे लागणार आहे. वर्षे दोन रीतींनी मोजता येतात. लेकरू आपण एक वर्षाचे केव्हा म्हणतो? पहिले वर्ष पुरे झाल्यावर. ही गत वर्षांची मोजणी. जे सरले तेच धरायचे. परंतु तेच लेकरू जन्मल्या दिवसापासून आपल्या पहिल्या वर्षात असते. ही वर्तमान मोजणी. जे चालू आहे तेही धरायचे. आपला शक गत मोजला जातो, इसवी वर्तमान. एकच गोष्ट दोघांनी मोजली तर आकड्यात एकाचे अंतर पडते, आणि दोघेही बरोबर असतात. जगातील पुष्कळशी भांडणे याच जातीची आहेत, असा माझा समज आहे.

हळदीच्या बाजारातील दोन भावांचे भांडण त्यांतलेच होते. वडिलांच्या नावे त्यांनी एक धर्मशाळा बांधली आणि कोनशिलेवर संवत् हवा म्हणून आले. थोरल्याचा संवत् चैत्रात बदलत असे. त्यांच्या मूळ गावची रीत ती. धाकट्याची सासुरवाड गुजरातेतली. त्याचा संवत् दिवाळीनंतर बदले. उद्घाटन श्रावणात होते. थोरल्याचा आकडा धाकट्याच्या आकड्यापेक्षा एकाने जास्त निघाला.

"लहान भाऊ एक वर्ष मागेच राहणार," थोरला म्हणाला.

"भाऊजींना सगळीकडं आधी पोचायची घाई," असे धाकट्याची बायको बाहेर रिक्षात बसून, आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की दिवाळीच्या पाडव्यापासून पुढच्या चैत्रापर्यंत दोन्ही संवतांचा आकडा एकच असतो. त्यांनी उद्घाटन दिवाळीनंतर ठेवले. त्या दगडावर आजही कोणाची तक्रार नाही.

दर्ग्याचे मुजावर रहीमभाई माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या वडिलांच्या कबरीचा दगड मी हिजरीत कोरला. आम्ही दोघे एकाच उन्हाळ्यात जन्मलो. ते दर भेटीत म्हणत, "अण्णा, हमारा साल जल्दी भागता. चांद के हिसाब से मैं तुमसे दो साल बडा. सलाम करो."

"मग मलाही चंद्रावरच मोजा," मी म्हणे.

"तुमको चांद पे कौन लेगा?" असे म्हणून ते हसत. त्यांच्या पश्चात, आपण माझ्यापेक्षा वयाने मोठे आहोत असे मला ठासून सांगणारे कोणी उरले नाही.

आता मूळ विषय. माझे शेवटचे मोठे काम.

गेल्या उन्हाळ्यात सेनगाव तालुक्यातील एका बंजारा तांड्याचा सरपंच, प्रकाश राठोड, दोन मित्रांसह जीपने माझ्याकडे आला. तिशीचा, चटपटीत, बोलका गडी. तांड्याजवळ माळावर एक जुनी विहीर आहे. नळ आणि बोअर आल्यापासून तिच्यात गाळ आणि कचरा साचला होता. तांड्यातील पोरांनी श्रमदानाने ती उपसली. आतल्या भिंतीत, गाळाखाली झाकलेला एक लहानसा दगड निघाला. त्यावर अक्षरे होती. प्रकाशने मोबाईलवर फोटो दाखविला. अक्षर कच्चे होते, कोणा पाथरवटाचे नव्हे. मजकूर असा : "खुरदाद सन १३५०."

"पावणेसातशे वर्षं, अण्णा!" प्रकाश म्हणाला. "खुर्दाद राजाची विहीर! आमी व्हिडिओ टाकला. पुण्या-मुंबईचे लोक पाहून राहिले. उद्घाटनाचं बॅनर छापून झालं. आता तुमी फक्त दगड करायचा. मोठा. 'खुर्दाद राजाने बांधलेली प्राचीन विहीर, इसवी सन १३५०.'"

मी फोटो परत दिला. "खुर्दाद राजा नाही. महिना आहे."

"काय?"

"फसली सनातला महिना. एप्रिलच्या सुमाराचा. आणि तेराशे पन्नास हे फसली साल. म्हणजे इसवी एकोणीसशे एक्केचाळीस."

तिघांनी मोबाईलमधला फोटो पुन्हा पाहिला. मग प्रकाशचा एक मित्र हळूच म्हणाला, "पावणेसातशेचे पाऊणशे केले राव अण्णांनी. जागच्या जागी."

"पंच्याऐंशीच्या घरात," मी दुरुस्ती केली.

प्रकाश हार मानणारा नव्हता. "अण्णा, जुलै महिना कोणाच्या नावानं पडला?"

"एका राजाच्या."

"मंग खुर्दाद महिना खुर्दाद राजाच्या नावानं पडला नसंल काहून?"

 मी एवढेच म्हणालो की आकड्याचे आडनाव पक्के झाल्याशिवाय मी छिन्नी लावणार नाही.

"मंग आमी वसमतला जातो," दुसरा मित्र म्हणाला. "तिथं मशीन हाय. ग्रॅनाइटवर अर्ध्या तासात करून देतेत. काही विचारत न्हाई."

ते खरे होते. मशीन काही विचारीत नाही. माझा धंदा ज्याने संपविला त्याचे वर्णन इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी केलेले नाही. जीपकडे जाता जाता प्रकाश थांबला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तसं, तांड्यात एक म्हातारी हाय. जमनाबाई. तिचंबी काही वेगळंच चालू हाय. म्हणते, विहीर तिच्या बापानं खणली. खेमा नाईकानं. पंच्याऐंशीच्या घरातली म्हातारी. बापानं जुन्या विहिरीचा गाळ काढला असंल, तेच तिच्या डोक्यात बसलं. तिला आमी समजावून राहिलो."

"ती काय म्हणते?"

"तिनं जेवण सोडलंय. म्हणते, दगडावर राजाचं नाव पडलं तर माझा बाप दुसऱ्यांदा मरंल."

मी हातातला गेरू खाली ठेवला. "उद्या जीप पाठवा. दगड पाहिल्याशिवाय मी हो म्हणत नाही, आणि नाहीही म्हणत नाही."

तांडा चढावर आहे. खाली माळ, माळाच्या कडेला लिंबाचे झाड आणि झाडाखाली ती विहीर. विहिरीच्या मागे दोन बांबूंना बॅनर बांधले होते. त्यावर मुकुट घातलेला, मिशांचा पीळ वर वळविलेला एक राजा होता. हे चित्र कोठून आणले, असे मी विचारले. "नेटवरून," प्रकाश म्हणाला. "राजासारखा दिसतोय ना?" दिसत होता. पलीकडे एका पोराने तेवढ्यात चहाची टपरीही टाकली होती : 'खुर्दाद राजा टी सेंटर'.

विहिरीच्या कठड्यावर एक वृद्ध स्त्री बसली होती. ठेंगणी, ताठ, हातात काठी. परंतु काठी टेकण्यासाठी नसून दाखविण्यासाठी असावी, असे तिच्या पकडीवरून वाटले. तांड्यातील तीस-चाळीस माणसे भोवती जमली. तांड्यात आईला याडी म्हणतात; जमनाबाईला सगळेच याडी म्हणत.

"हेच का दगडवाले?" तिने विचारले.

"व्हय, याडी."

"भाऊ, तुमाला राजाचं नाव कोरायला आणलं का?"

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो.

मी दोराला धरून पायऱ्यांनी थोडे खाली उतरलो. दगड पाहिला. अक्षरे फोटोतल्यासारखीच होती. आकड्यानंतर एखादे अक्षर असावे, परंतु तेथे टवका उडाला होता. ते 'फ' असेल. नसेलही. ज्याच्यावर सगळे अवलंबून, तेवढेच नेमके गेलेले. खाली पाहिले तर विहीर मध्यावरून एका अंगाला वळलेली दिसली. वर गोल आणि सरळ, खाली तिरपी. वर येऊन मी प्रकाशला खरे तेच सांगितले : माझ्या मते फसली, परंतु दगडावर तसे शब्द उरलेले नाहीत.

"पाहा!" प्रकाश लोकांकडे वळून म्हणाला. "अण्णाबी सांगून राहिले, पुरावा न्हाई."

तेव्हा जमनाबाईने काठी उचलली.

"ए प्रकाश्या. इकडं ये. हा तुझा राजा कुठला?"

"असंल इकडचाच, याडी."

"त्यानं विहीर कोणासाठी खणली?"

"लोकांसाठी."

"कोणत्या लोकांसाठी? त्या वक्ताला इथं कोण होतं?"

"आपले म्हातारे असतील की."

"आपले म्हातारे!" ती खदखदून हसली. दात फार नव्हते, परंतु हसणे पुरे होते. "अरे, आपले म्हातारे तवा बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरून राहिले होते. ज्या गावात दाणे, त्या गावात मुक्काम. घर न्हाई, दार न्हाई. इथं थांबले ते पाणी लागलं म्हणून. पाणी आधी, तांडा मागून. मंग माळावर माणूस न्हाई, जनावर न्हाई, तर तुझ्या राजानं विहीर काय साळिंदरासाठी खणली?"

लोक हसले. प्रकाशही हसला, परंतु उशिरा.

"आन् दुसरं. राजाची पाटी लावशील. उद्या राजाचा पणतू येईल. म्हणंल, माझी विहीर. मंग काय सांगशील त्याला?"

"राजाचा पणतू कुठून येईल, याडी?"

"नेटवरून," मागून एक बाई म्हणाली.

हशा वाढला. प्रकाशने दोन्ही हात वर केले. "बरं, बरं. पण याडी, तकलीफ अशी हाय की तुझ्या बापानं गाळ काढला असंल, विहीर खणली न्हाई, असंबी होऊ शकतं का न्हाई? मी वाईट म्हणून न्हाई बोलून राहिलो."

 हसणे थांबले. म्हातारीने काठी विहिरीत रोखली.

"ही विहीर वाकडी काहून हाय?"

दोघे-तिघे कठड्यावरून आत वाकले.

"लहानपणापासून सगळे काय म्हणता हिला? तू काय म्हणायचास?"

"वाकडी विहीर," प्रकाश म्हणाला.

"काहून वाकडी? मी सांगते. माझ्या बापाला अर्ध्यात काळा खडक लागला. फुटंना. सुरुंग कुठून आणणार? लोक म्हणले, नाईक, सोडून द्या, पुढचं गाव बघू. बाप म्हणला, खडकाला बगल देऊ. बगल देऊन तिरपं खणलं. उन्हाळ्याचे दिवस. मायला दिवस भरलेले. पाणी लागलं आन् तिकडं मी झाले. म्हणून माझं नाव नदीचं, जमना. त्याच महिन्यात पटवारी आला. बाप म्हणला, साहेब, आजचा महिना काय, साल काय, सांगा, दगडावर टाकतो. त्यानं सांगितलं, बापानं टाकलं. बापाला लिवता येत न्हवतं. पटवाऱ्यानं मातीत काढून दाखवलं, बापानं तसंच्या तसं पहारीच्या टोकानं खोदलं. स्वतःचं नाव टाकलं न्हाई. म्हणला, नाव कशाला, विहीर हाय की." ती प्रकाशकडे पाहू लागली. "प्रकाश्या, राजाची विहीर वाकडी असती का रं?"

प्रकाशने विहिरीत पाहिले. मग बॅनरवरच्या राजाकडे पाहिले.

"न्हाई, याडी," तो म्हणाला. "राजानं सरळ खणली असती."

"राजानं खडक फोडाया हजार माणसं लावली असती. आपल्याकडं आपलीच होती. तुझा पणजा त्यातच होता. बापाच्या बराबर, डोक्यावर पाटी घेऊन."

हे प्रकाशला ठाऊक नव्हते. त्याने डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. माणसाला काही न बोलता काही करावयाचे असले की टोपी उपयोगी पडते.

"अण्णा," तो मला म्हणाला, "त्या एक्केचाळीसच्या सालाला काय म्हणता तुमी?"

"फसली तेराशे पन्नास. शके अठराशे त्रेसष्ट. इसवी एकोणीसशे एक्केचाळीस."

"तिन्ही टाका."

"आणि राजा?" त्याच्या मित्राने विचारले.

"राजाला टपरीवर ठेवू. चहा बराबर करतो तो."

जमनाबाईने त्या दुपारी तेथेच, लिंबाखाली, भाकरी खाल्ली. चटणीत मीठ कमी असल्याची तक्रार केली. तिच्या सुनेने माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. परंतु सुनेचा चेहरा उजळला होता.

मी दगड निवडला. काळाच घेतला; ग्रॅनाइट नको, असे प्रकाशने स्वतःच सांगितले. मजकूर मी बांधला :

"ही विहीर खेमा नाईक व तांड्यातील माणसांनी खणली. खडक लागल्यावर वाट वळविली. पाणी लागले माहे खुर्दाद, सन १३५० फसली, शके १८६३, इसवी सन १९४१."

'फसली' हा शब्द मी इतर अक्षरांपेक्षा थोडा खोल कोरला. पुन्हा टवका उडू नये म्हणून. दुसरे काही कारण नाही.

उद्घाटनाला ज्यांना बोलाविले होते ते मोठे पाहुणे आले नाहीत. त्यांना राजाची विहीर पाहायची होती, असे प्रकाश म्हणाला. त्यांच्या वाट्याचे पेढे तांड्यातल्या पोरांनी खाल्ले. पडदा जमनाबाईने सारला. तिला वाचता येत नाही. तिने माझा हात धरला आणि विचारले, "माझा बाप कुठं हाय?" मी तिचे बोट 'खेमा' या अक्षरांवर ठेवले. तिने ती अक्षरे दोनदा चाचपली.

"आन् तो राजा?"

मी तिचे बोट 'खुर्दाद' वर नेले.

"लहानसाच हाय की," ती म्हणाली.

मला हिंगोलीला परतायचे होते, म्हणून मी निघालो. या व्यवसायात काम पुरे झाल्यावर थांबू नये. गिऱ्हाईक अक्षरांऐवजी आपल्याकडे पाहू लागते.

खेद एकच. आता कोनशिलांवर नावे फार मोठी असतात आणि साल कोपऱ्यात, एवढेसे, आडनावाशिवाय. शंभर वर्षांनी कोणी त्यावरून नवा राजा शोधून काढील. काढो. त्या राजाची विहीर सरळ असेल, एवढीच अपेक्षा.

हा लेख येथे संपला असता. परंतु काही दिवसांपूर्वी प्रकाशच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका आली. नेहमीप्रमाणे प्रथम शके, मग इसवी. त्याखाली तिसरी ओळ होती : "पाणी सन ८५."

मी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. राजाच्या नावाचे सन होते, पिकाच्या नावाचा होता. पाण्याच्या नावाचा माझ्या पाहण्यात नव्हता. नाव योग्य होते. आकड्याला आडनावही होते. परंतु मोजणीचा प्रश्न उरतच होता. पाणी लागल्याला चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत आणि पंच्याऐंशीवे चालू आहे. मी प्रकाशला फोन केला. त्याला वाटले, मी अभिनंदन करणार.

"हे पंच्याऐंशी कोणत्या मोजणीनं?" मी विचारले. "गत की वर्तमान?"

"म्हणजे काय, अण्णा?"

मी लेकराचे उदाहरण देऊन सांगितले.

"थांबा, याडीला विचारतो. आकडा तिनंच सांगितला."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. दूर कोठे तरी बोलणे, मग तिचे ते हसणे. प्रकाश परत आला.

"याडी म्हणते, मी हाय तवर वर्तमान. मी गेल्यावर गत लिवा."

वर्षगणनेचा इतका स्पष्ट नियम मला आजवर कोणत्याही पंचांगात आढळला नाही. मी तो मान्य केला आहे.